‘डॉक्टर, यावर बंदी तर नाही ना?’ : मुलं, नशा आणि कायद्याबद्दलचे आपले दोन गैरसमज

गेल्या वर्षी दोन महिन्यांच्या अंतराने दोन कुटुंबं माझ्याकडे आली. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलून सांगतो.

पहिला मुलगा नववीतला. क्लासमध्ये बसल्या जागी कोसळला म्हणून त्याला आणलं होतं. अंगाला रबराच्या डिंकासारखा वास आणि ओठांभोवती पुरळ. विचारपूस केली तेव्हा वडील म्हणाले, “डॉक्टर, दोन महिन्यांपूर्वी याच्या दप्तरात पंक्चरच्या सोल्युशनच्या ट्यूब सापडल्या होत्या. तेव्हा मी एका वकील मित्राला फोन केला. तो म्हणाला, हे काही ड्रग्जमध्ये येत नाही, पोलिसांची भानगड नाही. मग म्हटलं, वय आहे, सुटेल आपोआप.”

दुसरा मुलगा बारावीतला. त्याची आई एकटीच आली. इकडचंतिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाली, “डॉक्टर, मी जे सांगणार आहे ते तुम्ही लिहून ठेवणार का? पोलिसांना कळवावं लागतं का?” मुलगा चार महिन्यांपासून एमडी घेत होता. आईला तीन महिन्यांपूर्वीच कळलं होतं. पण केस झाली तर पासपोर्ट, प्रवेश, नोकरी सगळं संपेल, या भीतीने तिने घरातल्या कुणालाही सांगितलं नव्हतं.

दोन्ही घरी आधी विचार झाला तो कायद्याचा. एका घराला कायद्यामुळे खोटा दिलासा मिळाला, दुसऱ्याला खोटी भीती वाटली. परिणाम एकच झाला : मुलं डॉक्टरकडे उशिरा आली.

मी वकील नाही. पण पालकांना या विषयातला कायदा जेवढा कळायला हवा, तेवढा साध्या भाषेत सांगावा आणि त्याबरोबर माझं मतही मांडावं, म्हणून हा लेख.

कायदा यादी बघून चालतो, शरीर नाही

अमली पदार्थांसाठी आपल्याकडे मुख्य कायदा आहे तो १९८५ चा. त्याचं सरकारी नाव ‘गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम’. बोलताना सगळे ‘एनडीपीएस’ म्हणतात. गांजा, चरस, अफू, कोकेन यांबद्दल त्यात तरतुदी आहेत आणि प्रयोगशाळेत बनणाऱ्या रसायनांची एक यादी आहे. रसायनाचं नाव यादीत असेल तर तो गुन्हा. नाव नसेल तर या कायद्याचे हात तिथपर्यंत पोहोचत नाहीत.

आता एमडीची गोष्ट ऐका. एमडी म्हणजे मेफेड्रोन. मुंबईत त्याला ‘म्याव म्याव’ही म्हणायचे. ब्रिटनने त्यावर एप्रिल २०१० मध्ये बंदी घातली. आपल्याकडे ते एनडीपीएसच्या यादीत आलं फेब्रुवारी २०१५ मध्ये. मधल्या काळात मुंबईत ते कॉलेजच्या मुलांपर्यंत पोहोचलं होतं. कोकेनपेक्षा कितीतरी स्वस्त, आणि विकणाऱ्याकडे एक हुकमी वाक्य : “हे लीगल आहे, पोलीस काही करू शकत नाहीत.” आणि ते वाक्य तेव्हा बऱ्याच अंशी खरं होतं!

अधिसूचना निघण्याच्या आदल्या दिवशी एमडी घेणाऱ्या मुलाची छाती जशी धडधडत होती, तशीच दुसऱ्या दिवशीही धडधडत होती. झोप उडणं, संशय येणं, भास होणं, वजन झरझर उतरणं यातलं काहीही बदललं नाही. बदलला तो फक्त कागद.

हे सगळ्या जगात घडलं आहे. अमेरिकेत ‘स्पाइस’, ‘के-टू’ अशा नावांनी सुगंधी पालापाचोळ्याची पाकिटं दुकानात उघड विकली जायची. त्यावर ‘हर्बल’ असं लिहिलेलं असायचं आणि बारीक अक्षरांत ‘माणसांनी सेवन करू नये’ असंही. त्या पाल्यावर गांजासारखा परिणाम करणारी कृत्रिम रसायनं फवारलेली असत. २०११ मध्ये तिथल्या सरकारने अशा पाच रसायनांवर तातडीची बंदी घातली. मग बनवणाऱ्यांनी रसायनाच्या रचनेत थोडा फरक केला आणि नव्या नावाने माल पुन्हा दुकानात आला. एकेका रसायनाच्या मागे धावून दमल्यावर ब्रिटनने २०१६ मध्ये वेगळा कायदा केला. नशा आणणारा कोणताही पदार्थ विकणं गुन्हा ठरवलं आणि दारू, तंबाखू, औषधं यांसारख्या मोजक्या गोष्टी त्यातून वगळल्या.

म्हणून मुलगा “बाबा, हे लीगल आहे” असं म्हणाला, तर त्याचा अर्थ एवढाच : या पदार्थाचं नाव आज यादीत नाही. उद्या येऊ शकतं. पदार्थ नवा असेल तर त्याचा नेमका डोस, त्याचे परिणाम आणि त्यावरचा उपचार यांबद्दल डॉक्टरांनाही कमीच माहिती असते. त्या अर्थाने तो जुन्या, ओळखीच्या नशेपेक्षा जास्त धोक्याचा.

राज्य बदललं की कायदा बदलतो

भांगेबद्दल पालक मला नेहमी विचारतात. “बनारसला तर सरकारी दुकानात मिळते, मग वाईट कशी?”

एनडीपीएस कायद्यात गांजाची व्याख्या झाडाच्या फुलोऱ्यापुरती आहे. नुसती पानं आणि बिया त्यातून वगळल्या आहेत. भांग पानांपासून बनते, त्यामुळे तिचं काय करायचं हे प्रत्येक राज्याने ठरवायचं. उत्तर प्रदेश आणि राजस्थानात परवानाधारक दुकानं आहेत. आसामात १९५८ च्या कायद्याने गांजा आणि भांग दोन्हींवर बंदी आहे. महाराष्ट्रात ‘दारूबंदी अधिनियम, १९४९’ लागू होतो आणि परवान्याशिवाय भांग बाळगणं हा गुन्हा आहे. म्हणजे सहलीला गेलेल्या मुलाने तिकडच्या दुकानातून भांगेच्या गोळ्या आणल्या, तर तिकडे चालणारी गोष्ट इकडे येईपर्यंत गुन्हा होते.

डॉक्टर म्हणून मला यातला मुद्दा वेगळा दिसतो. होळी-शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी घाबरलेली, भास होणारी, छाती धडधडणारी मुलं इमर्जन्सीत येतात. भांग पोटातून जाते, त्यामुळे परिणाम सुरू व्हायला तास-दोन तास लागतात. मुलाला वाटतं काहीच झालं नाही, म्हणून तो आणखी एक ग्लास घेतो. घरात कुणाला स्किझोफ्रेनियासारखा आजार असेल, तर अशा मुलात गांजा-भांगेमुळे तो आजार लवकर उघडा पडू शकतो. हा धोका बनारसमध्ये आणि बार्शीत सारखाच.

गुटख्याचंही असंच. महाराष्ट्राने २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली त्यावर बंदी घातली आणि पुढेही ती चालू ठेवली. टपरीवर तो मिळतो की नाही, हे तुम्हाला माहीत आहे. हुक्का पार्लरवर राज्याने २०१८ मध्ये कायदा करून बंदी आणली. त्याला लगेच पळवाट निघाली : ‘आमचा हर्बल आहे, तंबाखू नाही.’ समजा, खरोखर तंबाखू नाही. तरी वरचा कोळसा जळतोच, आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. बंद खोलीत तासभर तो ओढल्यावर डोकं जड होतं, मळमळतं, कधीकधी माणूस बेशुद्ध पडतो. ‘हर्बल’ या शब्दाने फुप्फुसांना काही फरक पडत नाही.

ज्यांची मुलं शिकायला परदेशी जाणार आहेत त्यांनीही हे लक्षात ठेवावं. अमेरिकेत क्रॅटम नावाची एक वनस्पती पावडर आणि गोळ्यांच्या रूपात विकली जाते. जास्त मात्रेत ती अफूसारखा परिणाम करते आणि तिची सवय लागते. अलाबामाने २०१६ मध्ये तिच्यावर बंदी घातली, शेजारच्या फ्लोरिडात मात्र ती दुकानात मिळत राहिली. दुकानात मांडलेली वस्तू कुणीतरी तपासूनच ठेवली असेल, असं आपल्या मुलांना वाटतं. ते तसं नसतं, हे जाण्याआधी त्यांना सांगा.

घरातल्या कपाटापासून हार्डवेअरच्या दुकानापर्यंत

पालकांना भीती वाटते एमडीची, कोकेनची. पण शाळकरी वयात सुरुवात बहुतेक वेळा ज्यांच्याकडे आपण नशा म्हणून पाहतच नाही अशा वस्तूंनी होते.

*सोल्युशन, थिनर, व्हाइटनर.* देशभरातल्या व्यसनांची पाहणी एम्सच्या तज्ज्ञांनी केंद्र सरकारसाठी केली होती. तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यात एक गोष्ट ठळक होती. हुंगायच्या नशेचं प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त होतं, आणि असा हा एकच प्रकार होता : मोठ्यांत ०.५८ टक्के, तर १० ते १७ वयाच्या मुलांत १.१७ टक्के. ज्यांना मदतीची गरज आहे अशा मुलांचा आकडा ४.६ लाख. ही फक्त रेल्वे स्टेशनवरची मुलं आहेत, असं समजू नका. माझ्याकडे आलेल्या मुलाच्या वडिलांचं स्वतःचं दुकान आहे.

सोल्युशन आणि थिनरमध्ये टोल्युइनसारखी रसायनं असतात. हुंगलं की ती फुप्फुसातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत काही सेकंदांत पोहोचतात. वारंवार वापराने मेंदूचा पांढरा भाग, तोल सांभाळणारा लहान मेंदू, कान आणि मूत्रपिंडं यांना इजा होते. काही मुलं पोटॅशियम कमी होऊन हातापायांतली ताकद गेली म्हणून दाखल होतात आणि कारण कळायला वेळ लागतो.

पण सगळ्यात महत्त्वाचं हे : ही रसायनं हृदयाला हळवं करतात. अशा वेळी मुलगा एकदम घाबरला किंवा पळाला, तर रक्तात वाढलेल्या ॲड्रेनलिनमुळे हृदयाची लय बिघडून तो जागीच जाऊ शकतो. हे पहिल्याच वेळीही होऊ शकतं. म्हणून मुलगा हुंगताना दिसला तर ओरडू नका, मारू नका, पाठलाग करू नका. आवाज खाली ठेवून त्याला मोकळ्या हवेत बसवा. रागवायला उद्याचा दिवस आहे.

कायदा काय म्हणतो? व्हाइटनर आणि त्याचा थिनर बाटलीतून किरकोळ विकण्यावर केंद्र सरकारने २०१२ मध्ये बंदी आणली. पेनसारख्या साधनातून, मर्यादित प्रमाणात तो विकता येतो. पण पंक्चरचं सोल्युशन, रंगाचा थिनर या कामाच्या वस्तू आहेत, त्या बंद करता येणार नाहीत. त्यामुळे इथे कायद्यापेक्षा घर आणि दुकानदार यांचंच लक्ष जास्त कामाला येतं.

*झोपेच्या गोळ्या आणि खोकल्याची औषधं.* मालेगावात ‘कुत्ता गोळी’, आणखी कुठे ‘बटण’. आत असतं अल्प्राझोलम किंवा नायट्राझेपाम, म्हणजे डॉक्टर लिहून देतात तेच औषध. ही औषधं ‘शेड्यूल एच-१’ मध्ये येतात. म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, आणि औषध कोणत्या डॉक्टरने कोणासाठी लिहिलं याची नोंद दुकानदाराने वहीत करून ती तीन वर्षं जपायची असते. चिठ्ठीशिवाय त्या खिशात बाळगल्या तर एनडीपीएसही लागू शकतो. पण मुलाला पहिली गोळी बऱ्याचदा मिळते ती आजीच्या डब्यातून. या गोळ्या दारूबरोबर घेतल्या तर श्वास मंदावतो. आणखी एक सूचना : महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्या मुलाच्या गोळ्या एका दिवसात बंद करू नका, त्याला फिट येऊ शकते. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करायच्या.

*ई-सिगारेट, म्हणजे व्हेप.* मुलांना हे ‘फ्लेवर’ वाटतं आणि पालकांना पेन ड्राइव्ह. २०१९ च्या केंद्रीय कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात आणि साठा यांवर बंदी आहे. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे तुमच्या मुलाच्या हातात व्हेप आहे, याचा अर्थ तो त्याला बेकायदा विकणाऱ्या कुणाला तरी ओळखतो. ओरडण्याआधी या माणसाबद्दल शांतपणे विचारा. कारण त्याच्याकडे व्हेपशिवाय आणखीही काही असू शकतं.

*लाफिंग गॅस.* पार्टीत फुगे भरून देतात तो नायट्रस ऑक्साइड. दातांच्या डॉक्टरकडे तो ऑक्सिजनबरोबर, मोजून वापरला जातो, म्हणून मुलांना तो निरुपद्रवी वाटतो. पण हा वायू शरीरातलं बी-१२ जीवनसत्त्व निकामी करतो. आपल्याकडे, विशेषतः शाकाहारी घरांत, बी-१२ आधीच कमी असतं. अशा मुलाने वारंवार हा गॅस घेतला तर पाय बधिर होणं, मुंग्या येणं, अंधारात तोल जाणं सुरू होतं. मज्जारज्जूला झालेली ही इजा उपचाराला उशीर झाला तर पूर्ण भरून येत नाही. कोणत्याही यादीत नाव नसलं तरी!

आता दुसरा गैरसमज : ‘डॉक्टरकडे गेलो तर पोलीस येतील’

बारावीतल्या त्या मुलाच्या आईला मी जे सांगितलं, तेच इथे लिहितो.

एक. मुलगा नशा करतो हे तुम्ही उपचारासाठी सांगितलंत, तर ते गोपनीय असतं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारू आणि ड्रग्जच्या व्यसनाशी संबंधित त्रासाचा समावेश मानसिक आजारातच केला आहे. अशा रुग्णाची माहिती गुप्त राहणं हा त्याचा हक्क आहे.

दोन. मूल बेशुद्ध अवस्थेत इमर्जन्सीत आलं, तर रुग्णालय विषबाधा म्हणून ‘मेडिकोलीगल’ नोंद करू शकतं. ती नोंद म्हणजे मुलावरची तक्रार नव्हे. तिच्या भीतीने “काहीतरी बाहेरचं खाल्लं होतं” असं सांगू नका. काय घेतलं हे कळलं नाही तर आमच्या हातची महत्त्वाची मिनिटं जातात.

तीन. एनडीपीएस कायद्यात कलम ६४-अ आहे. व्यसनी व्यक्तीवर सेवनाचा किंवा ‘अल्प प्रमाण’ बाळगल्याचा आरोप असेल आणि ती स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात व्यसनमुक्तीचा उपचार घेत असेल, तर त्या गुन्ह्यासाठी तिच्यावर खटला चालत नाही. अट एकच : उपचार अर्धवट सोडायचा नाही. कायद्याने उपचाराचं दार उघडं ठेवलं आहे. मला भेटलेल्या पालकांपैकी फार थोड्यांना हे माहीत होतं.

चार. अठरा वर्षांखालच्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं आणि तिथला भर सुधारण्यावर असतो. मुलाचं पुढचं आयुष्य त्या नोंदीमुळे अडू नये, अशी तरतूद कायद्यातच आहे. सोळा ते अठरा वयात अतिगंभीर गुन्हा असेल तर मात्र नियम वेगळे आहेत.

पाच. याच बाल न्याय कायद्याचं (२०१५) कलम ७७ तुमच्या बाजूचं आहे. डॉक्टरी सल्ल्याशिवाय लहान मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. मुलांकडून असा माल विकवून घेणाऱ्या किंवा पोहोचवून घेणाऱ्यासाठी कलम ७८ आहे. तुमचं मूल इथे आरोपी नाही, पीडित आहे.

मात्र एक रेघ मुलांना स्पष्ट दाखवायला हवी. स्वतः घेणं वेगळं आणि दुसऱ्यापर्यंत पोहोचवणं वेगळं. “हे पाकीट फक्त त्या मुलाला दे, पाचशे रुपये घे,” इथून सुरुवात होते. एमडीचं अल्प प्रमाण २ ग्रॅमपर्यंत धरतात आणि ५० ग्रॅमपासून पुढे ‘व्यावसायिक’ म्हणतात. व्यावसायिक प्रमाणाला किमान शिक्षा दहा वर्षांची आहे. पाकिटात काय आणि किती आहे, हे पोहोचवणाऱ्या मुलाला ठाऊकही नसतं. ‘मी घेत नाही, फक्त देतो’ असं म्हणणारा मुलगा कायद्याच्या दृष्टीने जास्त अडचणीत असतो.

मला काय बदललेलं हवं आहे

याद्या वाढवत राहण्याला माझा विरोध नाही. एमडीवर बंदी आधी यायला हवी होती, असंच माझं मत आहे. पण सगळा जोर बंदीवर दिला, की आपण मोकळे झालो असं वाटू लागतं.

पहिली अपेक्षा दुकानांबाबत. नशेसाठी हुंगले जाणार हे माहीत असताना अठरा वर्षांखालच्या मुलाला असे पदार्थ विकणं ब्रिटनने १९८५ सालीच गुन्हा ठरवलं होतं. आपल्या कलम ७७ मध्ये दारू आहे, तंबाखू आहे, पण सोल्युशन-थिनरचं नाव नाही. वस्तूवर बंदी नको, पण शाळेच्या गणवेशातल्या मुलाला पाच ट्यूब एकदम देताना दुकानदाराला थांबायला लावणारा नियम राज्याने करावा. तोपर्यंत आपल्या गल्लीतल्या दुकानदाराशी आपण स्वतः जाऊन बोलू शकतो. मी दोन दुकानदारांशी बोललो. दोघांनाही मुलं आहेत, दोघांनीही ऐकलं.

दुसरी अपेक्षा शाळांकडून. दप्तरात काही सापडलं की दाखला हातात देणं सोपं आहे. पण शाळेतून काढलेल्या मुलाला दिवसभर मोकळा वेळ मिळतो, आणि त्याच्याबरोबर उरतात ते फक्त नशा करणारे मित्र. आधी पालक, मग समुपदेशक, मग डॉक्टर, हा क्रम प्रत्येक शाळेने लिहून ठेवावा.

तिसरी अपेक्षा आपणा पालकांकडून. मुलासमोर “एवढं काय, आम्हीही होळीला भांग घ्यायचो” असं हसत सांगायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या खिशात काही सापडलं की कानाखाली वाजवायची, हे दोन्ही एका घरात चालत नाही. मुलं शब्दांपेक्षा घरातली बाटली बघतात.

आज घरी काय कराल?

- झोपेच्या, वेदनाशामक आणि खोकल्याच्या औषधांची मोजदाद करा. उरलेली औषधं कपाटात साठवू नका.
- कपड्यांना, श्वासाला रसायनाचा वास, तोंडाभोवती पुरळ, रंगाचे डाग, खोलीत चिंध्या किंवा प्लास्टिकच्या पिशव्या, झोपेची उलटापालट, अचानक घसरलेले गुण, गायब होणारे पैसे याकडे लक्ष ठेवा. यातलं एखादं लक्षण म्हणजे पुरावा नाही. तीन-चार एकत्र दिसली तर बोला.
- लपूनछपून लघवीची तपासणी करू नका. बाजारातली साधी किट गांजा किंवा झोपेच्या गोळ्या पकडतात, पण सोल्युशन आणि लाफिंग गॅस पकडत नाहीत, एमडीही बऱ्याचदा सुटतो. किट निगेटिव्ह आलं तर तुम्ही गाफील राहाल, आणि मुलाला कळलं तर त्याचा विश्वास जाईल.
- “घेतोस का?” असं दरडावून विचारण्यापेक्षा “तुझ्या वर्गात कोण काय घेतं? तुला कुणी कधी दिलं का?” असं विचारा. गाडीत किंवा चालताना बोला, समोरासमोर बसवून नको.
- मूल बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवा, तोंडात पाणी घालू नका, १०८ ला फोन करा. शेजारी पडलेली ट्यूब, पाकीट, गोळ्यांची पट्टी बरोबर आणा. श्वास थांबला असेल आणि येत असेल तर छातीवर दाब देणं सुरू करा.
- सल्ला हवा असेल तर केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६, मुलांसाठी १०९८. जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग हा कमी खर्चाचा आणि चांगला पर्याय आहे. पुण्यात १९८६ पासून काम करणारं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आपल्यापैकी अनेकांना माहीत आहेच.

ते दोन्ही मुलगे आता कसे आहेत, असं तुम्ही विचाराल. बारावीतल्या मुलाने उपचार पूर्ण केला. मध्ये एकदा घसरला, पण पुन्हा आला. या वर्षी परीक्षा देतो आहे. पोलिसांचा प्रश्न आलाच नाही. नववीतला मुलगा शाळेत जातो, सोल्युशन बंद आहे. पण त्याच्या एका कानाला कमी ऐकू येतं आणि अक्षर पूर्वीसारखं राहिलेलं नाही. वडील परवा म्हणाले, “डॉक्टर, त्या दिवशी वकिलाऐवजी तुम्हाला फोन करायला हवा होता.”

वकिलालाही जरूर करा. पण दुसरा फोन. पहिला डॉक्टरला.